सत्तरीतली राखण : गावठी गुरांचा वंश टिकतो कसा

वाळपई सोडून ठाणे, केरी किंवा नगरगावच्या दिशेने निघालात की रस्त्याकडेला चरणारी एक गाय हमखास दिसते. चण लहान, वशिंड बेताचे, तोंड सरळ. अंग पांढरे, शेपटीचा गोंडा पांढरा आणि जवळ जाऊन पाहिले तर पापण्यांचे केससुद्धा पांढरे. नाकाचा शेंडा तेवढा फिकट तपकिरी. गावात तिला गावठी गाय म्हणतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत तिचे नाव ‘श्वेत कपिला’ असे आहे आणि ती गोव्याच्या नावावर नोंदलेली आहे. शेजारच्या कोकणातली ‘कोकण कपिला’ याच यादीत वेगळी जात म्हणून नोंदली गेली.

श्वेत कपिला दिवसाला सरासरी पावणेतीन लिटरच्या आसपास दूध देते. त्याचे फॅट पाच टक्क्यांच्या वर असते, पण बादलीतला आकडा लहानच. संकरित गाय याच्या तिप्पट-चौपट दूध देते, मग हिला कशासाठी सांभाळायचे, असे कोणीही विचारील. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर ही गाय काय खाते, कुठे चालते आणि तिच्या मागे कोण चालतो, हे आधी पाहावे लागते.

सत्तरी म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचा तालुका. वाळपईला पावसाळ्यात दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, काही वर्षी त्याहूनही बराच जास्त. एवढ्या पावसात जांभ्या दगडाची जमीन धुऊन निघते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, जे गवत उगवते ते चार महिने हिरवे आणि रसाळ असते. दिवाळीनंतर ते पिवळे पडून करड होते. त्या करडात पोषण थोडे. चार महिने चिखल, आठ महिने खडक, वर्षभर गोचीड. या परिस्थितीत पिढ्यान्‌पिढ्या जी गाय गाभण राहिली, व्याली आणि वासराला पाजून पुन्हा उभी राहिली, तिचाच वंश पुढे गेला. लहान अंगाला चारा कमी लागतो, हलके शरीर चढउतारावर थकत नाही, टणक खूर चिखलात सहजासहजी कुजत नाहीत. संकरित गायीचे दूध खरे, पण त्यासाठी पेंड, हिरवा चारा, पंखा असलेला गोठा आणि वेळेवर येणारा डॉक्टर लागतो. खाणे विकत न घेता पावणेतीन लिटर देणे ही या जमिनीवर मोठी गोष्ट आहे.

या रानात जनावरांमागे आयुष्य घालवणारा समाज म्हणजे गवळी-धनगर. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण आणि इकडे डिचोली-पेडण्याच्या पठारांवरही त्यांचे धनगरवाडे आहेत. धनगर म्हटले की देशावरच्या मेंढ्या डोळ्यांसमोर येतात. घाटातला गवळी-धनगर मात्र म्हशी आणि गायी राखतो. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यामागची मांडणी नीट उलगडली आहे. कमी पावसाच्या माळावर हटकर धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन फिरत, तर मुसळधार पावसाच्या डोंगरमाथ्यावर, जिथे मेंढी तग धरत नाही, तिथे गवळी-धनगर म्हशी पाळत. खालच्या खोऱ्यात कुणबी भातशेती करीत. गवळ्याचे लोणी-तूप खाली जाई, कुणब्याचे धान्य वर येई. एकाच डोंगरावर दोन समाज, पण एकमेकांच्या ताटात हात न घालणारे. सत्तरीत ही देवाणघेवाण आजही थोडी शिल्लक आहे. धनगरवाड्यावरचे शेणखत खाली पोफळीच्या कुळागरात जाते आणि दूध वाळपईच्या हॉटेलांत आणि घरांत पोचते.

राखणीचा दिवस पहाटे धारेने सुरू होतो. गावठी गाय सहसा वासरू समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून आधी वासराला तोंड लावू द्यायचे, पान्हा आला की त्याला बाजूला बांधायचे, मग धार काढायची आणि शेवटचे दूध पुन्हा वासरासाठी ठेवायचे. धारेच्या शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश सर्वांत जास्त असतो, तो अशा रीतीने वासराच्या पोटात जातो. मोजमाप घेणाऱ्याच्या वहीत या दुधाची नोंद होत नाही. गावठी गायीच्या दुधाचा आकडा थोडा लहान दिसतो, त्याला हेही एक कारण आहे.

धार झाली की कळप सुटतो. राखण्या कळपाच्या मागे असतो, पण कळपाला वाट दाखवते पुढची गाय किंवा म्हैस. ती बहुधा वयाने मोठी असते आणि पाणी कुठे आहे, कोणत्या उतरणीवर पाय घसरतो, हे तिला पाठ असते. राखण्याचे काम कळपाला हाकण्याइतकेच त्याला अडवण्याचेही असते. पावसाच्या पहिल्या सरींनी फुटलेल्या कोवळ्या गवतावर गुरे तुटून पडतात; तेव्हा पोटफुगी आणि हगवण होते, म्हणून पहिले काही दिवस त्यांना सुके खाऊ घालून मगच बाहेर सोडतात. घाणेरी आणि रानमोडी यांपासून कळप दूर ठेवावा लागतो. घाणेरी जनावराला विषारी असते, आणि रानमोडी तर ज्या सड्यावर शिरते तिथले गवतच मारून टाकते. उन्हाळ्यात गवत संपले की धामण, उंबर, पांगारा यांचा पाला तोडून घालायचा. फांदी कुठे तोडायची आणि किती ठेवायची, हे ज्याला कळते त्याच्या झाडाला पुढच्या वर्षी पुन्हा पाला येतो. म्हादई नदीच्या पात्रालगत पुरण शेती उभी असते तोवर गुरे त्या अंगाला उतरू द्यायची नाहीत, आणि पीक निघाले की त्याच जमिनीत धसकटे खाऊ द्यायची.

दुपारी कळप गोठणीवर बसतो. गोठण म्हणजे सावली आणि पाणी जवळ असलेली, गुरांनी बसून-बसून सपाट केलेली जागा. कोकण-गोव्यात गावोगावी या नावाच्या जागा आहेत. म्हशीला अंगावर घामाच्या ग्रंथी फार कमी आणि कातडे काळे, म्हणून दुपारी तिला डुंबायला पाणी लागतेच. गाय सावलीवर भागवते. याच वेळी राखण्या एकेक जनावर निरखून पाहतो. रवंथ करीत नसलेली गाय आजारी आहे हे त्याला ताप मोजण्याआधी कळते. खुरांच्या बेचक्यात भेग दिसली, तोंडातून लाळेची तार सुटली की खुरकताची शंका घेऊन ते जनावर वेगळे बांधले जाते. जखमेवर माशी बसू नये म्हणून करंजेल लावतात. हे उपाय सगळ्या रोगांना पुरत नाहीत. घटसर्प आणि फऱ्या यांना लसच हवी, आणि ती पावसाआधी टोचून घ्यायला हवी. जाणता धनगर पारंपरिक उपचार आणि सरकारी दवाखाना यांत भांडण लावीत नाही, दोन्ही वापरतो.

आता वंश टिकवण्याच्या मुळाशी असलेल्या कामाकडे, म्हणजे वळू निवडण्याकडे येऊ.

प्रत्येक वासरू वळू होत नाही. शंभर वासरांतले दोन-चार ठेवतात, बाकीच्यांचे खच्चीकरण होते किंवा ते विकले जातात. हे दोन-चार निवडताना जाणता पशुपालक वासराच्या आधी त्याच्या आईकडे पाहतो. तिने किती वेते दिली, दोन वेतांमध्ये किती अंतर ठेवले, वासरू मेल्यावरही पान्हा सोडला का, ओढ्याला पाणी असताना कळपाबरोबर पार झाली की मागे राहिली, लाथ मारते का. दुष्काळी वर्षात ती किती लवकर भाकड पडली, हेही तो लक्षात ठेवतो. असा हिशेब कागदावर नसतो, तोंडी असतो. अमुक म्हैस कोणाची लेक, तिची आई कोणत्या वाड्यावरून आली, हे आईच्या बाजूने तीन-चार पिढ्या मागे सांगणारी म्हातारी माणसे धनगरवाड्यावर भेटतात. पशुविज्ञान ज्याला वंशावळ नोंदणी म्हणते ती हीच.

वळू कळपात असण्याचे आणखी एक कारण आहे. म्हशीचा माज बहुधा मुका असतो. ती ओरडत नाही, इतर खुणाही फारशा देत नाही. कृत्रिम रेतनासाठी माज नेमका ओळखून काही तासांत माणसाला बोलवावे लागते. रानात चरणाऱ्या आणि रस्त्यापासून लांब असलेल्या कळपाला ते जमत नाही. रेडा मात्र वासावरून ओळखतो. त्यामुळे धनगरवाड्यावर चांगला रेडा नसणे म्हणजे म्हशी वेळेवर गाभण न राहणे.

इथे थोडे गणित करायला हवे, कारण जतनाच्या कामातली सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली गोष्ट त्यातच आहे. एखाद्या भागात १,००० गायी आणि १० वळू आहेत, असे धरा. डोळ्यांना हजार जनावरांचा मोठा कळप दिसतो. पण पुढच्या प्रत्येक वासराचे अर्धे रक्त त्या दहांकडूनच येणार. पैदासशास्त्रात यासाठी सूत्र आहे : नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार, त्याची चौपट, आणि त्याला दोघांच्या बेरजेने भाग. आपल्या उदाहरणात उत्तर येते सुमारे ४०. म्हणजे वंशाच्या दृष्टीने तो हजारांचा कळप चाळीस जनावरांइतकाच आहे. आता गायी दुप्पट करा, २,००० करा. उत्तर चाळीसच्या पुढे जात नाही. त्याऐवजी गायी हजारच ठेवा आणि वळू दहाचे पंचवीस करा. उत्तर जवळजवळ ९८ येते. ही संख्या निदान ५० तरी असावी, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनात मानले जाते. त्याखाली गेले की जवळच्या नात्यातली पैदास वाढते, वासरे अशक्त होतात, गर्भधारणा कमी होते.

गायी वाचवण्याच्या मोहिमा पुष्कळ होतात, वळू वाचवण्याच्या फार थोड्या. गावात पॉवर टिलर आला आणि बैल गेला, बैलाबरोबर पाड्याची किंमतही गेली. गावठी पाडा आज रस्त्यावर सोडला जातो. डिचोलीजवळ शिकेरीला गोमंतक गोसेवक महासंघ अशी मोकाट गुरे सांभाळतो. ते काम मोलाचे आहे, पण आसरा मिळालेल्या पाड्यांतून निवडून वळू परत कळपात पाठवण्याची व्यवस्था त्याला जोडली जायला हवी, असे मला फार वाटते.

नोंदणीची रीतही समजून घेऊ. एखाद्या भागातली गुरे वेगळी आहेत, एवढे म्हणून भागत नाही. संशोधक गावोगावी फिरून शेकडो जनावरांची मोजमापे घेतात : उंची, लांबी, छातीचा घेर, शिंगांचा आकार, रंग, नाक, खूर, पापण्या. धारेची नोंद ठेवतात, वेतांचे अंतर विचारतात. रक्ताच्या नमुन्यांवरून शेजारच्या जातींशी तुलना करतात. हा वंश कोणत्या भूभागात आहे आणि तो कोणी जोपासला, हेही अर्जात लिहावे लागते. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची संमती लागते. मग तो अर्ज कर्नालला जातो आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची जाती नोंदणी समिती निर्णय देते. देशात अशी नोंदणी २००८ पासून होते आणि आतापर्यंत पाळीव जनावरांच्या व पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. श्वेत कपिलेचे काम जुने गोवे इथल्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने केले. काणकोणातल्या आगोंदच्या डुकराची जातही याच मार्गाने ‘आगोंद गोवन’ नावाने यादीत आली.

नोंदणीचा फायदा खरा आहे. पशुगणनेत त्या जातीची वेगळी मोजणी होऊ शकते, योजनांतून पैसा मागता येतो, वीर्य उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवता येते. पण नायट्रोजनच्या टाकीत साठवलेल्या वीर्याला ओढा पार करण्याची कसोटी लागत नाही. आजचा पाऊस, आजची गोचीड, आजचा चारा यांतून निवड होत राहिली तरच जात जिवंत राहते, आणि ती निवड रानातच होते. अर्जातला ‘कोणी जोपासला’ हा रकाना भरून झाला की पुढे त्या माणसाला कोणी विचारीत नाही, ही माझी तक्रार आहे. कच्छमध्ये उलट घडले. बन्नी म्हशीची नोंदणी २०१० साली झाली ती तिथल्या मालधारी पशुपालकांनी स्वतः पुढाकार घेतल्यामुळे. त्यांनी आपली संघटना बांधली, जातीचे वर्णन स्वतः सांगितले आणि त्याच जोरावर गवताळ रानावरचा हक्कही मागितला. गोव्यात म्हशींबाबत हे करायला धनगरवाड्यांइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

रान सोपे नाही, हेही सांगायला हवे. २०१५ साली सत्तरीत माकडतापाने माणसे आजारी पडली, काही दगावली. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम सापडलेला या तापाचा विषाणू गोचिडीतून पसरतो. गुरे स्वतः आजारी पडत नाहीत, पण रानातल्या गोचिडी अंगावर घेऊन गोठ्यापर्यंत येतात. म्हणून डिसेंबर ते मे या काळात राखण्याने हातापायांना गोचिडी दूर ठेवणारे डेपा तेल लावणे, अंगभर कपडे घालणे, परतल्यावर गुरांच्या गोचिडी काढणे आणि रानात मेलेले माकड दिसले तर त्या अंगाला कळप न नेता आरोग्य केंद्राला कळवणे, ही आता राखणीचीच कामे झाली आहेत.

आणि वाघ. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झाले. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले, आणि त्या प्रकरणात धनगर कुटुंबातल्या माणसांना अटक झाली. त्याआधी वाघाने त्यांचे जनावर मारले होते. विष घालण्याचे समर्थन कोणीच करू नये. पण एक दुभती म्हैस गेली की त्या घराचा रोजचा पैसा थांबतो, आणि पंचनामा व्हायला, भरपाई हातात पडायला जितके दिवस लागतात तितका राग साचत जातो. जनावर मेल्या दिवशीच पंचनामा आणि ठरलेल्या मुदतीत पैसे एवढी एक गोष्ट पाळली, तर वाघ आणि म्हैस दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये या रानात व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन्ही बाजूंच्या वादात चराईचा विषय मात्र सगळ्यात शेवटी येतो.

चराईची जमीन दुसऱ्या अंगानेही आकसते आहे. डिचोलीत खाणींनी सडे खाल्ले. पेडण्यात मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या पठारावर गुरे चारणाऱ्या धनगर कुटुंबांना तिथून उठावे लागले. सत्तरीत काजू आणि रबराच्या बागांना कुंपणे पडली. प्रत्येक कुंपणागणिक कळप लहान होतो. आणि कळप लहान झाला की सर्वांत आधी ज्याचा खर्च परवडेनासा होतो तो वळू. वर केलेले गणित इथे येऊन मिळते.

म्हणून पशुपालकाच्या हाती असलेले सर्वांत उपयोगी साधन पशुसंवर्धन खात्याच्या बाहेर, वनहक्क कायद्यात आहे. २००६ च्या या कायद्याच्या कलम ३ (१) (घ) मध्ये चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, स्थायिक आणि भटक्या दोन्ही प्रकारच्या पशुपालकांसाठी. दावा ग्रामसभेत करायचा, सामूहिक हक्कासाठी नमुना ‘ख’ भरून. अडचण अशी की गोव्यात गवळी-धनगर अनुसूचित जमातीत नाहीत. गावडा, कुणबी, वेळीप यांना तो दर्जा २००३ साली मिळाला, धनगरांची मागणी अजून चालू आहे. तोवर त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ७५ वर्षे मागे गेलात तर १९३० साल येते आणि गोव्यात पोर्तुगीज राज्य आहे. रानात म्हशी चारणाऱ्या माणसाला तेव्हा कोणी कागद दिला असेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

कायद्याच्या नियमांनी हे ओळखले आहे. नियम १३ नुसार पुरावा म्हणून जुने गोठे, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, गुरांचे पाणवठे आणि पारंपरिक चराईच्या जागा दाखवता येतात. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले तर तेही ग्राह्य धरले जाते. एकाहून अधिक पुरावे लागतात, म्हणून दोन्ही गोळा करावेत. गोठणी आणि डुंबणीच्या जागा मोबाईलवर नकाशात टिपाव्यात, त्यांची नावे लिहावीत, कोणत्या महिन्यात कळप कुठे असतो ते महिन्यावार मांडावे. शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावे, की लहानपणी लोणी कोणत्या वाड्यावरून येत असे. त्याचे उत्तर तारखेसकट लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. आणि त्याच बैठकीत घरच्या म्हातारीला बसवून कोणती म्हैस कोणाची लेक, हेही दुसऱ्या वहीत उतरवून घ्यावे. एका वहीने चराईचा दावा उभा राहतो, दुसरीने उद्या गोव्याच्या म्हशींच्या नोंदणीचा अर्ज, आणि दोन्ही सांगणारी माणसे आज तीच आहेत.